सोडलंस का? – तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात विचारता, बँकेच्या रांगेत विचारता, आणि आता मी मुलांना शिकवते त्या कोर्टाच्या जाळीला नाक लावूनही विचारता. "मॅडम, तुम्ही टेनिस का सोडलंत?" काकू-मावशी असाल तर, "सोडलंस का गं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: गुडघा. गुडघा म्हटलं की माणसं "अरेरे" म्हणतात आणि आपापल्या गुडघ्यांवर येतात. सुटका.

2023 मध्ये ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊला एशियाडचं सुवर्ण जिंकलं, त्या दिवशी मला सात फोन आले. "तुझ्याच वयाची ना ती?" हो, माझ्याच वयाची. मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. पण सातव्या फोनला गुडघा सांगायचा कंटाळा आला, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

बाबांचा पीएफ, पुण्यातली भाड्याची खोली, आईने सोडलेली नोकरी हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते सोडून देऊ. "मग सानियासारखं का नाही जमलं?" याचंही पटकन सांगते. सानिया 2007 मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत 27वी होती. पुण्यात घडलेली अंकिता रैना 2020 मध्ये 160पर्यंत पोहोचली, तरी ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे खऱ्या स्पर्धेत, तिला शिरता आलं नाही. मी सातशेच्या आत कधीच आले नाही. मी खेळायचे त्या 15 हजार डॉलरच्या स्पर्धा. म्हणजे 15 हजार सगळ्यांत मिळून. जिंकणारीला 2,352, पहिल्या फेरीत हरणारीला 147, आणि क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेऱ्यांत, हरलात तर हात हलवत परत. 147 डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेनऊ हजार रुपये, तेही कर कापायच्या आधी. विमानाचं तिकीट यात धरू नका.

तर 2017. इजिप्तमधलं शर्म अल-शेख. तिथे आठवड्यामागून आठवडा स्पर्धा असायच्या, म्हणून आम्ही तीन-तीन आठवडे मुक्काम ठोकायचो, एका खोलीत तिघी. क्वालिफाइंगची शेवटची मॅच होती. समोर रुमानियाची एक मुलगी, सतरा-अठराची, एकटीच आलेली. खुर्चीवर अंपायर नव्हता. त्या पातळीवर क्वालिफाइंगला बहुतेक वेळा नसायचाच. आपल्या बाजूचे कॉल आपणच द्यायचे, आणि दोन-तीन कोर्टांच्या मधून एक अंपायर फिरत असायचा. नियम सोपा आहे: नीट दिसला नाही तर बॉल आत.

तिसरा सेट, 4-5, माझी सर्व्हिस, 30-40. तिचा मॅच पॉइंट, म्हणजे हा पॉइंट तिने घेतला की मॅच तिची. माझी सेकंड सर्व्ह नेहमीसारखीच मवाळ पडली. तिने पुढे येऊन बॅकहँड सरळ लाईनवरून मारला. मी धावले, पोहोचले नाही. बॉल कोपऱ्यात पडला आणि माझं बोट वर गेलं. "आऊट."

आधी बोट वर गेलं आणि मग मी वळून पाहिलं. एवढंच मला खात्रीने सांगता येतं. मातीचं कोर्ट असतं तर ठसा राहिला असता, वाकून बघता आलं असतं. ते हार्ड कोर्ट होतं. ती नेटपर्यंत आली होती, हात मिळवायला. हात तसाच धरून तिने विचारलं, "आर यू शुअर?" मी म्हणाले, "येस." फिरत्या अंपायरला बोलावलं. तो म्हणाला, मी पाहिलेलं नाही, कॉल जिचा तिचा. मी तो गेम घेतला, मग टायब्रेक घेतला, मॅच घेतली.

दोन दिवसांनी मुख्य ड्रॉमध्ये पहिली फेरी जिंकले. माझा पहिला डब्ल्यूटीए पॉइंट, म्हणजे महिलांच्या जागतिक क्रमवारीसाठी धरला जाणारा. एक. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले, पेपरात फोटो आला, त्याचं कात्रण लॅमिनेट होऊन अजून हॉलमध्ये आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहून माझं कौतुक केलंय.

एकवीस वर्षांची मी इथे भांडायला उठते. म्हणते, तिनेही पहिल्या सेटमध्ये तुझी एक एस, तिला न लागलेली सर्व्हिस, बाहेर म्हणून ढापली होती, विसरलीस? सगळ्याच करतात. तू नसतं केलंस तर पेढ्यांऐवजी बाबांना काय सांगितलं असतंस? तिचं अगदीच चुकतं असं नाही. ती एस आत होती, मला अजून दिसते. पण माझ्याकडे तिला विचारायला एकच प्रश्न आहे: बॉल कुठे पडला ते सांग. त्यावर ती गप्प बसते.

आणि त्या रुमानियन मुलीने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्याकडे आली. प्रॅक्टिसला पार्टनर नव्हती, अर्धं कोर्ट वाटून घेऊ का म्हणून विचारलं. सर्किटवर असंच असतं, काल जिच्याशी वाजलं तिच्याशीच आज बॉल मारायचे. चाळीस मिनिटं खेळलो. विषय निघाला नाही. जाताना माझ्या बाजूचे बॉलसुद्धा तिनेच गोळा केले.

पुढच्या वर्षी माझा हात अडखळायला लागला. बॉल लाईनच्या आसपास पडला की बोट वर जाईना. स्वच्छ बाहेर गेलेले बॉलसुद्धा मी परत मारत सुटले. सर कुंपणाबाहेरून ओरडायचे, "अगं, हातभर बाहेर होता!" त्यातून दोन मॅच घालवल्या. 52 आठवड्यांनी तो पॉइंट रँकिंगमधून नियमाप्रमाणे गळाला. मला वाटलं होतं, आता मोकळी झाले. तसं काही झालं नाही.

आता यावरून "एका बॉलपायी सोडलं बिचारीने" असं सांगत फिरू नका. सेकंड सर्व्ह शेवटपर्यंत मवाळच राहिली. पैसे संपत आले होते. गुडघाही खरंच दुखायचा, एमआरआय दाखवू शकते. आणि मार्च 2020मध्ये कोविडने सगळं सर्किटच बंद पडलं, तेव्हा मी घरी बसले आणि शांत झोप लागायला लागली. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी नाव दिलं नाही. यातलं खरं कारण कोणतं, ते मलाच ठरवता आलेलं नाही, तर तुम्हाला काय सांगू? कधी वाटतं तो बॉल आतच होता. कधी, विशेषतः कात्रणासमोरून जाताना, चार बोटं बाहेर पडलेला स्पष्ट दिसतो.

गेल्या रविवारी बॅचमधल्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "मॅडम, दिसला नाही तर काय म्हणायचं?" मी म्हटलं, "आत." तिची आई जाळीपलीकडून ऐकत होती. बॅच सुटल्यावर थांबली आणि तोच प्रश्न: एवढं चांगलं चाललं होतं, मग सोडलंत का हो?

गुडघा, म्हटलं. "कोणता?" म्हणाली. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी उजवा सांगितला. एमआरआय डाव्याचा आहे.