टचपॅड बंद: तिसऱ्या प्रयत्नात जमलं

टाइप करताना अंगठ्याखालचा तळवा टचपॅडला टेकतो, कर्सर तीन ओळी वर उडतो आणि अर्धं वाक्य भलत्याच परिच्छेदात जाऊन बसतं. लॅपटॉपवर लिनक्स आहे. 'टाइप करताना बंद' ही लिबइनपुटची (लिनक्समध्ये टचपॅड, माऊस वगैरे हाताळणाऱ्या लायब्ररीची) सोय चालू आहे, पण बोटं क्षणभर थांबली की टचपॅड पुन्हा जागा होतो. म्हणून तो पूर्णच बंद करायचं ठरवलं.

आधी एक्स११ वर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि इनपुट सांभाळणाऱ्या जुन्या यंत्रणेवर होतो. 'एक्सइनपुट लिस्ट' या कमांडने टचपॅडचा आयडी १२ दाखवला, 'एक्सइनपुट डिसेबल १२' दिलं, काम झालं. तीच ओळ लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकली. दोन दिवसांनी मशीन सुरू केलं तर टचपॅड चालू आणि कीबोर्ड ठप्प! आयडी कायमचे नसतात. त्या दिवशी १२ कीबोर्डच्या वाट्याला आला होता. आयडीऐवजी उपकरणाचं पूर्ण नाव दिल्यावर हा घोळ मिटला.

मग वेलँडवर, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर आलो आणि एक्सइनपुटचा उपयोगच संपला. यादीत नुसती एक्सवेलँडची (वेलँडवर जुने एक्स११ प्रोग्रॅम चालवणाऱ्या थराची) आभासी उपकरणं दिसतात, खरा टचपॅड नाहीच. नोम या डेस्कटॉपमध्ये टचपॅडच्या 'सेंड-इव्हेंट्स' सेटिंगला 'बाहेरचा माऊस असेल तर बंद' असा पर्याय आहे. तो मला फार आवडला होता. पण माझ्या वायरलेस माऊसचा रिसीव्हर कायम लावलेला असतो, आणि माऊसचं बटण बंद असलं तरी सिस्टिमच्या लेखी माऊस हजरच. प्रवासात हाताशी ना माऊस, ना टचपॅड.

आता थेट कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे गेलोय. त्याच्या ५.११ आवृत्तीपासून सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात मांडतो ती जागा) प्रत्येक इनपुट उपकरणाच्या फोल्डरात 'इनहिबिटेड' नावाची फाइल असते. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन तिच्यात १ लिहिला की टचपॅड गप्प, ० लिहिला की परत चालू. एक्स११, वेलँड, लॉगिन स्क्रीन, सगळीकडे सारखंच. फोल्डरचा क्रमांक इथेही बदलतो, त्यामुळे यूडेव्हच्या (उपकरण दिसताच ठरलेली कामं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नियमात उपकरणाचं नाव जुळवून तिथूनच १ लिहायला लावलंय. आठवडा झाला, एकदाही कर्सर उडालेला नाही.

टचपॅड चालवणारं पीएसमाऊस हे कर्नलचं मॉड्यूलच काढून टाकायचा उपाय मात्र मी टाळला. माझ्या लॅपटॉपवर ट्रॅकपॉइंटही (कीबोर्डच्या मधोमध असलेली, कर्सर हलवायची छोटी कांडी) त्याच मॉड्यूलवर चालतो, आणि तो मला हवाच आहे.

आता ० आणि १ आलटून पालटून लिहिणारी छोटी स्क्रिप्ट एका फंक्शन कीला जोडायची आहे. दर वेळी पासवर्ड न मागता तेवढीच एक फाइल लिहायची परवानगी तिला कशी द्यावी, यावर सध्या डोकं लावतोय.