‘टाइप’ला नमुना का म्हणत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. मी वनस्पतींची चित्रं काढते; त्यांच्याखालच्या ओळी वाचून कोणीतरी म्हणतंच, ‘टाइप’ कशाला, सरळ ‘नमुना’ लिहा की. मराठीशी माझं वाकडं नाही. छापखान्यातला ‘खिळा’, म्हणजे छपाईचं धातूचं सुटं अक्षर, मला टाइपपेक्षा जवळचा. पण वनस्पतीच्या चित्राखाली खिळा लिहिता येत नाही आणि नमुना लिहायला हात धजत नाही.

‘टाइप’ शब्द जिथं जाईल तिथं वेगळा वागतो. खिळे एका साच्यातून ओतलेले असतात. शंभर ‘क’मधला कुठलाही उचला, तोच ‘क’. चित्रकाराचं मोनोटाइप याच्या उलट: पत्र्यावर शाईनं काढलेल्या चित्राचा एकच धड ठसा मिळतो, दुसरा निघालाच तर फिकट. अमेरिकेतल्या टॉल्बर्ट लॅन्स्टनच्या, 1887 मध्ये पेटंट मिळालेल्या यंत्राचं नावही मोनोटाइपच. ते सुटे खिळे ओतायचं, हवे तितके. जीवशास्त्रात मोनोटिपिक म्हणजे जिच्यात एकच जात (स्पीशीज) आहे अशी प्रजाती (जीनस), आफ्रिकेतल्या वाळवंटातल्या वेलविट्शिया या वनस्पतीसारखी.

मी खिळ्यांमधून वनस्पतींकडे आले. सुरुवातीलाच एका झाडाचा होलोटाइप काढायला मिळाला, म्हणजे जातीचं नाव ठेवताना ते ज्या एका तुकड्याला बांधलं तो. शीटवर चिकटवलेली वाळकी फांदी, एक पान किड्यांनी निम्मं खाल्लेलं. मला वाटलं, टाइप म्हणजे निर्दोष, पुढचं सगळं ज्यावरून ओळखायचं तो. दुसऱ्या शीटवरचं पान पाहून मी ते पूर्ण केलं. तीन आठवडे राबले.

संशोधक बाईंनी चित्र शीटशेजारी ठेवलं. बराच वेळ बोलल्या नाहीत.

“हे पान कुठलं?”

“दुसऱ्या शीटवरचं. तिथं चांगलं होतं.”

“उद्या कोणी दाखवून दिलं की त्या शीटवरची जात वेगळी आहे, तर? नाव या फांदीबरोबर राहील. तुमचं झाड मात्र कुठंच नसेल.”

चित्र परत आलं. मी त्यांच्यावर कित्येक वर्षं चिडून होते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं दिलेल्या काही नावांचा टाइप फांदी नाही, चित्र आहे. मग माझ्या चित्रालाच एवढं पारखणं का? हे मी तेव्हा ठणकावून सांगायचे. पण ती चित्रं सुबक होती म्हणून टाइप झाली नाहीत, नाव त्यांना बांधलं गेलं म्हणून झाली. हे मला तेव्हाही कळत होतं. मान्य करवत नव्हतं.

नमुना म्हटलं की आपण शितावरून भाताची परीक्षा करायला जातो. टाइप हे शीत सगळा भात कसा आहे ते सांगायला बांधील नाही. ते अर्धकच्चंही असेल. भाताचं नाव त्या शिताला बांधलेलं आहे, इतकंच. ‘नमुना’ लिहिलं की वाचणारा तीच चूक करेल जी मी केली.

दुसऱ्या चित्रात पान खाल्लेलं आहे. छापलं गेलं ते. पहिलं माझ्याकडेच आहे. अजूनही मला तेच झाड जास्त खरं वाटतं, आणि त्याच्याखाली काय लिहावं ते सुचत नाही.