तो वेळ, ती वेळ

आठवीत संस्कृत की जर्मन असा प्रश्न आला, तेव्हा मी जर्मन घेतलं ते ‘देवः देवौ देवाः’ चुकवायला. पहिल्याच आठवड्यात पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी नामांआधी लागणारे डेअर, डी, दास समोर उभे राहिले. आगीतून फुफाट्यात!

संस्कृतवाले आपापल्या बाकांवर बसून राहायचे आणि आम्ही दप्तरं उचलून जिन्याखालच्या खोलीत जायचो. तिथे बाईंनी एक दिवस फळ्यावर ‘झे’ हा शब्द लिहिला. डेअर झे म्हणजे सरोवर, डी झे म्हणजे समुद्र. मागच्या बाकावरून कुणीतरी कुरकुरलं, “बाई, ही काय भाषा आहे?” बाई म्हणाल्या, “तुझा वेळ गेला आणि तुझी वेळ गेली, यात फरक आहे की नाही?”

वर्ग गप्प. तो वेळ म्हणजे किती, ती वेळ म्हणजे कधी. हे आम्हाला कुणीच शिकवलं नव्हतं आणि आम्ही कधी चुकतही नव्हतो.

बाईंची रीत अशीच. कोडं जर्मनचं, किल्ली मराठीची. केनेन आणि विसेन या दोघांनाही शब्दकोशात ‘जाणणे’. बाई म्हणायच्या, ओळख असते ते केनेन, माहीत असतं ते विसेन. माणूस, गाव, गाणं यांच्याशी ओळख. तो कुठे राहतो हे माहीत. शोन म्हणजे ‘आधीच’ आणि श्योन म्हणजे ‘सुंदर’, यात दोन टिंबांचा फरक. त्यावर बाई नुसतं ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहून खडू खाली ठेवायच्या.

सगळ्यात छळलं ते ‘दास’नं. उच्चार एक, लेखनं दोन. मराठी करताना जिथे ‘की’ येतो, तिथलं दास वेगळं लिहायचं, शेवटी एसत्सेट (ß हे अक्षर) लावून. मी ते घोटून घोटून बसवलं आणि १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेत त्या दासचं एसत्सेट जाऊन दोन ‘एस’ आले. रस्त्याच्या ‘श्ट्रासं’मधलं मात्र राहिलं, कारण तिथला स्वर दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घानं तिथेही पिच्छा सोडला नाही.

पुढे नोकरीसाठी श्टुटगार्टला आले. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख कुठे आहेत हे विचारताना ‘डेअर लायटर’ऐवजी ‘डी लायटर’ म्हणाले. शेजारचा सहकारी निमूट उठला आणि आतल्या खोलीतून शिडी घेऊन आला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी शिडीच मागितली होती. (ती मी घेतली आणि वरच्या कप्प्यातली एक फाइल उगाचच काढली.) पुढे एका रविवारी बोडेनझे या सरोवराच्या काठावर उभी राहिले. लांबी ६३ किलोमीटर, पलीकडे स्वित्झर्लंड, लाटासुद्धा बऱ्यापैकी. समुद्र म्हणून खपेल, पण तो डेअरच. नॉर्डझे, म्हणजे उत्तर समुद्र, मात्र डी.

आकड्यांनी तेवढं सुखात ठेवलं. जर्मनही पंचविसात आधी पाच म्हणतात, मग वीस. घड्याळानं ती कसर भरून काढली. ‘हाल्ब ड्राय’, शब्दशः ‘अर्धा तीन’. तोंडी परीक्षेत आम्ही ओळीनं सगळ्यांनी साडेतीन सांगितलं. उत्तर होतं अडीच. बाई समजावत होत्या, आमच्या डोक्यात शिरत नव्हतं, तेवढ्यात संस्कृतचे सर दारात थबकले. म्हणाले, “अहो, अडीच हा शब्द मुळात अर्धतृतीय. दोन पुरे, तिसरा अर्धा. तेच म्हणतायत ते.” आणि जाता जाता, “शेवटी संस्कृतच लागलं ना?”

बाई त्या दिवशी पहिल्यांदाच निरुत्तर झालेल्या पाहिल्या.

अजूनही इथे कुणी हाल्ब ड्रायला भेटू म्हणालं की मी आधी मनात ‘अर्धतृतीय’ म्हणते आणि मगच वहीत अडीच लिहिते.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९९४