जपानमधलं माझं पहिलं कार्ड आणि 'पा-ति-रु'

परवा कोल्हापुरात राजारामपुरीत मावशीकडं जेवायला गेलो होतो. मावसभाऊ एप्रिलमध्ये नागोयाला निघालाय, लँग्वेज स्कूलला, त्यामुळं हॉलमध्येच बॅग उघडी, एका बाजूला स्वेटर आणि दुसऱ्या बाजूला कांदा-लसूण मसाल्याच्या पिशव्या. मावशी तांबड्या रश्श्याचं पातेलं ठेवता ठेवता म्हणाली, "तिथं ह्याला कार्ड लगेच मिळंल न्हवं रं? का पैशासाठी कुणाच्या तरी तोंडाकडं बघायचं?" आणि तो जेवता जेवता म्हणाला, "दादा, बँकेत गेलं की देतच असतील की." त्याला सवय तशीच लागलीय, गंगावेशीत दूध प्यायलं तरी खिशातनं फोन काढायचा, क्यूआर स्कॅन करायचा, विषय संपला. मला माझं तिकडचं पहिलं वर्ष आठवलं आणि नीट सांगायला पाहिजे असं वाटलं, म्हणून सुट्टी संपायच्या आधी हे लिहितोय. माझ्या ओळखीतलीच चार-पाच पोरं तिकडं जायच्या तयारीत आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत पाच वर्षं काढून जपानला, नागोया ज्यात येतं त्या आयची प्रांतात गेलो, कास्टिंगच्याच कामाला. विमानतळावर उतरलो की तिथंच रेसिडेन्स कार्ड हातात देतात, त्याला झाइर्यू कार्ड म्हणतात, मग घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आत सिटी ऑफिसला जाऊन पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापून देतात. हे झाल्याशिवाय बँकेत पायच ठेवायचा नाही, काही उपयोग होत नाही. आणि विद्यार्थ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा की तिथल्या फॉरेन एक्स्चेंजच्या कायद्यात सहा महिने व्हायच्या आधी तुम्ही 'अनिवासी' धरले जाता, म्हणून बऱ्याच बँका सहा महिन्यांनी या म्हणतात. तिथल्या ऑफिसात नोकरीवर गेलेल्याला ही अट नाही, आणि विद्यार्थ्यांसाठी कुठली बँक, का पोस्टाची बँक बरी पडते, हे शाळेच्या ऑफिसात पक्कं माहीत असतं, तिथंच पहिल्या आठवड्यात विचारायचं.

तोपर्यंत काय? रोख आणि आपलं इकडचं डेबिट कार्ड. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर आपलं कार्ड चालतं, मशीन इंग्रजीत बोलतं, पण इथून निघायच्या आधी कार्डावरचा इंटरनॅशनल वापर स्वतः चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर तो बंदच असतो. माझा बंद होता. रात्री साडेदहाला त्या एटीएमसमोर उभा राहून फोनवर बँकेचं ॲप उघडलं तर ओटीपी येणार भारतातल्या सिमवर, आणि ते सिम मी काढून बॅगेत तळाला टाकलेलं. इकडचं सिम रिचार्ज करून चालू ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा, पहिलं वर्षभर तरी.

पहिल्या पगाराआधी कंपनीनं माणूस बरोबर देऊन खातं उघडून दिलं. दोन आठवड्यांनी निळं कार्ड आलं. मी त्या शनिवारी सुपरमार्केटमध्ये गेलो, कांदे, अंडी, दूध, तांदळाची पाच किलोची पिशवी, सगळं घेऊन काउंटरवर ते कार्ड दिलं. त्या बाईंनी दोन्ही हातांनी घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरून वाकून माफी मागितली. मला कळेना काय झालं. मागं सहा-सात माणसं, कुणी एक शब्द बोललं नाही, आणि ते गप्प राहणंच जास्त लागलं. नंतर कळलं की ते 'कॅश कार्ड' होतं, म्हणजे फक्त एटीएममधनं पैसे काढायचं, दुकानात चालत नाही. आपल्याकडं खात्याबरोबर येतं ते एटीएम कार्डच डेबिट कार्ड असतं, तिकडं तसं धरून चालू नका. डेबिट कार्ड पाहिजे असेल तर खातं उघडतानाच तसं वेगळं मागायचं, व्हिसा किंवा जेसीबीचा (ही तिकडची कार्ड कंपनी) शिक्का कार्डावर आहे का बघायचं. डेबिटला पत तपासत नाहीत, खात्यात पैसे असले की झालं, त्यामुळं परदेशी माणसाला ते मिळायला सहसा अडचण येत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ आहे.

मग मी क्रेडिट कार्डाच्या मागं का लागलो, तर मोबाइलचं बिल, गाडीचा विमा, काही पेट्रोल पंप, अशा ठिकाणी डेबिट अडतं, आणि हायवेच्या टोलचं ईटीसी कार्ड तर सहसा क्रेडिट कार्डाला जोडूनच मिळतं. कामाला गाडी लागणार होती. म्हणून मी एका महिन्यात तीन कंपन्यांकडं अर्ज टाकले. तिन्ही नाकारले. मेलमध्ये कारण नाही, फक्त 'सगळ्या बाबींचा विचार करून' एवढंच, आणि फोन केला तरी कारण सांगत नाहीत. मी परदेशी म्हणूनच असं झालं असं धरून चाललो होतो, चार-पाच दिवस जेवण गोड लागलं नाही. इकडं सिबिलला माझा स्कोअर चांगला होता, गाडीचं कर्ज वेळेत फेडलेलं, पण तो स्कोअर तिकडं कुणी बघत नाही, तो इथंच राहतो.

त्या रविवारी आबांना व्हिडिओ कॉल केला. आमचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप, आबांनी पहिला लेथ पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेला. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मला कर्ज दिलं तवा म्यानेजर वर्कशॉपात येऊन च्या पिऊन गेला, शेजारच्याला विचारून गेला, ह्यो कोण, कुणाचा, कसा हाय. दोन जामीनदार दिलं. आणि त्याच्या आधी दोन वरसं रोज धा रुपयं पिग्मीत टाकत हुतो, एक दिस चुकवला न्हाई. तुला तिथं कोण वळकतंय?" मी म्हटलं कुणीच नाही. "मग वळख हुईस्तोवर थांबायला पायजे."

तिकडं ती ओळख कागदावर होते. सीआयसी नावाची संस्था आहे, १९८४ पासूनची, अशा एकूण तीन आहेत, कार्ड कंपन्या तुमची माहिती तिथं बघतात. मी माझा रिपोर्ट मागवला. त्यात जवळजवळ काहीच नव्हतं, फक्त मी त्या महिन्यात केलेले तीन अर्ज. अर्जाची नोंद तिथं सहा महिने राहते, आणि कुणीही नवीन कंपनी बघेल तेव्हा तिला दिसणार की नवीन आलेला माणूस आहे, कसला इतिहास नाही आणि महिनाभरात तीन ठिकाणी कार्ड मागतोय. वर्कशॉपात येऊन चहा पिणारं कुणी नाही, त्यांच्याकडं एवढाच कागद. नकाराचं दुःख होतंच, पण तो कागद बघितल्यावर माझ्या मनातला राग गेला. एका वेळी एकच अर्ज करा हे मी आता भेटेल त्या पोराला सांगतो.

सहा महिने कार्डासाठी कुठंही अर्ज केला नाही. तेवढ्यात एका सीनियरनं सांगितलं की फोन हप्त्यानं घे, त्याचे हप्ते सीआयसीत नोंदले जातात. साधा फोन घेतला, २४ हप्ते, दर महिन्याला खात्यातनं आपोआप कट. मला ती आबांची पिग्मीच वाटली, फरक एवढाच की गोळा करायला कुणी दारात येत नव्हतं. आठ महिन्यांनी परत रिपोर्ट काढला. त्यात खाली २४ चौकोनांची एक ओळ असते, एका महिन्याला एक चौकोन, आणि ज्या महिन्याचे पैसे वेळेत आले त्यात डॉलरचं चिन्ह छापतात, पैसे आले नाहीत तर इंग्रजी ए. का डॉलरच ते मला माहीत नाही. माझ्या ओळीत आठ डॉलर होते, शेजारी शेजारी. मी तो कागद प्रिंट काढून घरात लावला होता, खरंच. आता २०२४ च्या नोव्हेंबरपासून सीआयसी २०० ते ८०० मध्ये आकडा पण देते, आपल्या सिबिलसारखा, पण मला ते चौकोनच जास्त समजतात.

आणि एवढं करूनही पुढचा अर्ज अडला तो नावावर, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण हे आपल्या लोकांच्या बाबतीत हमखास होणार. आपलं नाव तीन भागांचं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावालाच चिकटून येतं. झाइर्यू कार्डावर ते रोमन अक्षरात तसंच्या तसं उतरतं, पण बँकेच्या खात्यावर नाव काताकाना लिपीत लागतं, म्हणजे परदेशी नावं लिहायची त्यांची लिपी, आणि त्या लिपीत ल आणि र वेगळे नाहीत. मी पाटील. बँकेतल्या माणसानं लिहिलं 'पा-ति-रु', ति ऱ्हस्व. कंपनीच्या ऑफिसनं लिहिलं 'पा-ती-रु', मध्ये लांब उच्चाराची आडवी रेघ देऊन. खात्याला वडिलांचं नाव जोडलेलं, पगाराच्या कागदावर नाही. कार्डाचे पैसे खात्यातनं कट व्हायचा फॉर्म मी कंपनीच्या कागदावर बघून भरला आणि वीस दिवसांनी तो परत आला, नाव जुळत नाही म्हणून. ती एक रेघ. मी फॉर्म आणि पासबुक शेजारी ठेवून बोटानं एकेक अक्षर जुळवत बसलो होतो तेव्हा ती दिसली. शिक्का पण तोच लागतो, म्हणजे खातं उघडताना जो हान्को, म्हणजे आपल्या नावाचा शिक्का, मारला तोच. हल्ली बऱ्याच बँका सहीवर भागवतात, पण माझ्या बँकेला हान्को लागत होता आणि माझ्याकडं दोन होते, एक कंपनीनं करून दिलेला.

फॉर्म परत भरला, मंजूर झालं, लिमिट एक लाख येन, म्हणजे आपले पन्नास-साठ हजार. कार्ड रजिस्टर्ड पोस्टानं येतं, सही घेतल्याशिवाय देत नाहीत, आणि मी सेकंड शिफ्टला. दाराला पोस्टाची चिठ्ठी लागलेली, फुझाइह्यो म्हणतात तिला. सात दिवसांत परत बोलावलं नाही किंवा जाऊन घेतलं नाही तर पाकीट कंपनीकडं परत जातं. मी सातव्या दिवशी रात्री पोस्टाच्या खिडकीवर जाऊन घेतलं.

वापरताना एकच सांगतो. दुकानात कार्ड दिलं की विचारतात "इक्काइ दे योरोशी देस का", एकदम भरणार ना, तर 'हाय', म्हणजे हो, म्हणायचं आणि एकदमच भरायचं. 'रिबो' म्हणून एक प्रकार आहे, महिन्याला थोडं थोडं भरायचं, त्याच्यावर वर्षाला १५ टक्के किंवा जास्तच व्याज लागतं, आणि काही कार्डं मुळातच रिबोवर लावलेली असतात. कार्ड आल्या आल्या सेटिंग बघून घ्या. आमच्या लाइनवरच्या एका व्हिएतनामी पोराला दोन वर्षं लागली त्यातनं सुटायला, घरी पैसे पाठवणं बंद झालेलं त्याचं.

आणि रेसिडेन्स कार्ड रिन्यू झालं की नवीन तारीख बँकेला कळवायची, नाहीतर खातं अडकवतात. शिक्षण संपवून परत येताना खातं बंद करून यायचं. कुणी म्हणेल तू जातोयस तर पासबुक-कार्ड मला दे, दहा-वीस हजार येन देतो, अजिबात द्यायचं नाही, तो तिथं गुन्हा आहे, ते खातं फसवणुकीला वापरतात आणि पोलीस नाव असलेल्याला शोधत येतात. हे मी मावसभावाला दोनदा सांगितलं, मावशीच्या समोर.

जेवण झाल्यावर आम्ही त्याच्या नावाला बसलो. आडनाव चव्हाण. 'चा-वा-न' पण होतं, 'चा-बा-न' पण, आणि व साठी एक वेगळं अक्षर वापरून तिसरं पण. वडिलांचं नाव धरायचं, कारण झाइर्यू कार्डावर ते येणारच. दिनदर्शिकेच्या मागं तिन्ही लिहिली, त्यानं मोठ्यानं वाचली, शाळेच्या ॲडमिशनच्या पत्रावर काय आलंय ते मोबाइलमध्ये काढून बघितलं, तिथं 'चा-बा-न' होतं, म्हणून तेच ठरवलं. शाळा, बँक, फोन, शिक्का, सगळीकडं हेच. त्यानं स्वच्छ अक्षरात एका कार्डपेपरवर लिहून काढलं, मावशीनं त्याला दोन्ही बाजूनं सेलोटेप लावली आणि पासपोर्टच्या कव्हरात सरकवून दिलं.