दिवा होता का, सर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो. लग्नात, बाजारात, व्हॉट्सअ‍ॅपवर, जुना विद्यार्थी भेटला की हेच: "सर, पीटर्सबर्गला जाऊन ते चांदण्याचं चित्र पाहिलंत ना? मागे दिवा होता का?"

दोष माझाच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना तीस वर्षं ती गोष्ट मीच रंगवून सांगितली. १८८० साली पीटर्सबर्गमध्ये कुइंजी नावाच्या चित्रकारानं 'द्नीपरवरची चांदणी रात्र' (द्नीपर ही नदी) हे एकच चित्र मांडलं, खोली अंधारी केली, चित्रावर तेवढा दिव्याचा उजेड पाडला. बाहेर ही रांग. चित्रामागे दिवा लपवलाय का, म्हणून लोक डोकावून बघायचे. पुढचं मात्र मी वर्गात गाळायचो. रशियन राजघराण्यातल्या एका ग्रँड ड्यूकनं ते विकत घेतलं आणि जहाजावर नेलं. खाऱ्या हवेनं वाटोळं होईल असं कादंबरीकार तुर्गेनेव्हचं म्हणणं होतं. रंग पुढे काळवंडलेच. कुणी हवेला दोष देतं, कुणी रंगांतल्या डांबराला. हे मला ठाऊक होतं. तरी तिकीट काढलं.

रशियन म्युझियममध्ये त्याच्यासमोर उभा राहिलो. जेमतेम दीड मीटर रुंद. माझ्या मनात ते भिंतभर होतं. चंद्र होता, खाली नदीचा हिरवट पट्टाही होता, पण काठावरच्या झोपड्या शोधाव्या लागल्या. पुढे गेलो, मागे आलो, चष्मा पुसला. बायको म्हणाली, "हेच का ते?" आवाजात खोच नव्हती, म्हणून जास्तच लागलं. आणि मग मी, साठी उलटलेला माणूस, भिंतीला गाल टेकवून चौकटीच्या मागे बघायला गेलो. दालनाच्या राखणीला खुर्चीत बसलेल्या आजीबाई कडाडल्या. रशियन येत नाही, पण तो सूर ओळखीचा होता. शाळेत मी त्याच सुरात ओरडायचो. मान खाली घालून बाहेर आलो आणि बायकोला म्हणालो, "अप्रतिम!" परत आल्यावर तुम्हालाही तेच सांगितलं.

खोटं बोललो का? अंधार तर कुइंजीलाही करावा लागला होता; लखलखीत दालनात बघून त्याला नापास करणारा मी कोण? पण हेच मी वर्गात म्हटलं असतं तर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंच असतं, दिवा लावून दाखवावं लागतं ते कसलं चांदणं, सर? त्या पोराला द्यायला उत्तर अजून सापडलेलं नाही. घरातली प्रिंट उतरवली, हे खरं. रद्दीत नाही दिली, हेही खरं.

दिव्याचं म्हणाल, तर आजीबाईंनी बघू दिलं नाही.