५३०० कॅरेक्टरमध्ये 'मी'

नाशिकच्या माझ्या मावसभावाने ७२० मार्कांची नीट दिली, रँक लागली, कॉलेज मिळालं. अमेरिकेत एमकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन झाली तरी मेडिकलच्या अर्जाचं अर्धं काम बाकी असतं, हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, "मग अजून काय द्यायचं?" द्यायचा असतो निबंध. डॉक्टर का व्हायचंय, ते स्पेस धरून ५३०० कॅरेक्टरमध्ये लिहायचं. ॲमकास या सामाईक अर्जात तो एकदाच भरायचा आणि तोच सगळ्या कॉलेजांकडे जातो.

मला तो दोनदा लिहावा लागला. पहिल्या वर्षी एकाही ठिकाणाहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं नाही. दुसऱ्या वर्षी चार आली आणि प्रवेश मिळाला. एमकॅटचा स्कोअर तोच होता, कॉलेजचे मार्कही जवळजवळ तेच. दुसऱ्या वर्षी अर्ज जूनच्या सुरुवातीलाच गेला, त्याचाही वाटा असणार, कारण जागा जसजसे अर्ज येतील तशा भरत जातात. पण मुख्य बदल निबंधात होता.

सातवीपर्यंत मी नाशिकला मराठी शाळेत होते, मग आम्ही न्यू जर्सीला आलो. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये, हे आपल्याकडे कुणी मुद्दाम शिकवत नाही, ते अंगवळणीच पडतं. पाहुणे म्हणायचे, "हुशार आहे हो मुलगी," आणि माझ्याआधी आईच उत्तर द्यायची, "कसली हुशार, धरून बसवावं लागतं अभ्यासाला." त्या वाक्यात आईचं प्रेम होतं आणि मला ते ऐकायला आवडायचं. आजही आवडतं.

पण पहिला निबंध मी त्याच सुरात लिहिला. गावातल्या रेस्क्यू स्क्वॉडमध्ये तीन वर्षं मी स्वयंसेवक ईएमटी, म्हणजे ॲम्ब्युलन्सबरोबर जाऊन प्राथमिक उपचार करणारी, होते, तरी वाक्यं अशी: मला संधी मिळाली, मला जवळून पाहायला मिळालं, आमच्या टीमने मदत केली. नकार आल्यावर कॉलेजच्या सल्लागार बाईंनी त्याची प्रिंट काढली आणि 'फॉर्च्युनेट' हा शब्द आला की त्याभोवती लाल गोल काढत गेल्या. सहा गोल झाले. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे सगळं तुला मिळालं. तू काय केलंस?" मी सांगायला लागले, तर दहा मिनिटं बोलत होते. त्यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं.

त्या दहा मिनिटांत मी त्यांना एका रात्रीची गोष्ट सांगितली होती.

कॉल होता सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा. अस्वस्थ वाटतंय, एवढंच कळलं होतं. मुलगा आमच्या क्रू चीफना इंग्रजीत सांगत होता की आई घाबरली आहे, ती फार टेन्शन घेते. आजी सोफ्याच्या कडेवर, शालीचं टोक मुठीत धरून, पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "जीव घाबरा होतोय गं." मुलाने शब्दाला शब्द ठेवला होता. पण माझी आजी हेच म्हणायची तेव्हा ती कशाला भ्यायलेली नसायची. मी गुडघ्यावर बसले आणि विचारलं, "आजी, भीती वाटतेय, की आतून कसंतरी होतंय?"

"भीती कसली! पोटात कालवतंय, घाम फुटलाय, आणि हा हात बघ, नुसता जड पडलाय."

छातीत कळ न येताही हार्ट अटॅक येऊ शकतो, विशेषतः वयस्क बायकांना, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ती लक्षणं क्रू चीफना सांगितली. त्यांनी तिथूनच पॅरामेडिक, म्हणजे आमच्याहून जास्त प्रशिक्षण घेतलेले लोक, मागवले. पॅरामेडिकनी ईसीजी काढला, पट्टी पाहिली आणि निघण्याआधी हॉस्पिटलला फोन केला.

पहिल्या निबंधात ही रात्र नव्हतीच. सल्लागार बाईंचं ऐकून नवा खर्डा केला, त्यात ती आली, आणि शेवटी मी लिहिलं की माझ्या प्रसंगावधानामुळे एक जीव वाचला. बाबांना तो फार आवडला. मी तो क्रू चीफना दाखवला. वीस वर्षं स्क्वॉडमध्ये काढलेली ती बाई. तिने शांतपणे तीन प्रश्न विचारले: ईसीजी कुणी वाचला? गाडी कुणी चालवली? त्या वाचल्या, हे तुला कुणी सांगितलं?

तिसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कान तापले माझे. पण निबंध सुटला तो तिथे. मी फक्त क्रियापदं तपासत बसले: हे कुणी केलं? मी केलं असेल तर 'मी केलं', आडपडदा नाही. दुसऱ्याने केलं असेल तर त्याचं श्रेय त्याच्या वाक्यात. स्वतःला लावलेली विशेषणं, संवेदनशील, जिद्दी, वगैरे, सगळी काढली. शेवटचा परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा झाला: 'मुलाचं भाषांतर चुकलं नव्हतं. त्या वाक्याचा घरातला अर्थ मला ठाऊक होता, म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारला आणि उत्तर क्रू चीफना सांगितलं. ईसीजीच्या पट्टीवर पॅरामेडिकना काय दिसलं, ते मला वाचता येत नव्हतं. मला ते वाचायला शिकायचंय.'

डॉक्टर का व्हायचंय, याचं इतकं सरळ उत्तर मी आधी कधी दिलं नव्हतं. काय येतं ते ठणकावून सांगितलं आणि काय येत नाही तेही, दोन्हींना एकच आवाज लागला.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या सी प्लसचंही तसंच केलं. आधी त्यावर अख्खा परिच्छेद सबबी होत्या. आता दोन वाक्यं: नोकरीचे तास जास्त होते आणि मदत मागायला मी उशीर केला. पुढच्या सेमिस्टरला तास कमी केले, बायोकेमिस्ट्रीत ए मिळाला.

दुसऱ्याच इंटरव्ह्यूत समोरच्या वयस्क डॉक्टरांनी विचारलं, "त्या आजींचं पुढे काय झालं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "हॉस्पिटलमध्ये त्यांना सोपवल्यावर पुढचं आम्हाला कळत नाही."

त्यांनी मान हलवली. मग ते मूळ वाक्य मराठीत म्हणून दाखव म्हणाले. मी म्हटलं. त्यांनी पुन्हा सावकाश म्हणायला लावलं, आणि माझ्या फाइलच्या कोपऱ्यात रोमन अक्षरांत उतरवून घेतलं.