वर्क फ्रॉम होमचा अर्ज आणि ते 'सपोर्टिंग डॉक्युमेंट'

वर्क फ्रॉम होम मागायच्या विचारात असाल तर आधीच सांगते, मॅनेजर हो म्हणाला म्हणजे काम झालं असं अजिबात धरून चालू नका. माझे सर पहिल्याच बोलण्यात तयार झाले, आयटीवाल्यांनी लॅपटॉप आणि व्हीपीएन (घरून कंपनीच्या सिस्टिममध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय) काही कटकट न करता दिलं, टीममध्ये कुणाची हरकत नव्हती. अडलं ते पोर्टलवरच्या एका रकान्यात, आणि असं अडलं की त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या कंपनीत आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची सोय पॉलिसीत लिहिलेली आहे. त्यासाठी ऑनलाइन फॉर्म भरायचा. बाकी फॉर्म साधा आहे, पण मध्ये 'कारण' म्हणून ड्रॉपडाउन येतो आणि त्यात चारच पर्याय: स्वतःचं आजारपण, बाळंतपण, घरातल्या व्यक्तीची देखभाल, इतर. माझं यातलं पहिलं तिन्ही काही नव्हतं. मी बिलं तपासते. दोन स्क्रीनवर आकडे जुळवायचे आणि जुळले नाहीत तर कुठे घोळ आहे ते शोधत बसायचं, असं काम. यात मध्येच कुणी हाक मारली की मागची साखळी तुटते आणि परत पहिल्या ओळीपासून सुरुवात. वर जाण्यायेण्यात दिवसाचा मोठा तुकडा जातो, घरी पोचेपर्यंत डोकं बधिर झालेलं असतं. म्हणजे कारण होतं आणि चांगलं भक्कम होतं, पण ते ड्रॉपडाउनमध्ये नव्हतं.

मग 'इतर' निवडलं. ते निवडलं की खाली लाल चांदणीवाला नवीन रकाना उघडतो, 'सपोर्टिंग डॉक्युमेंट', आणि तिथे फाइल जोडल्याशिवाय सबमिटचं बटण दाबलंच जात नाही. आता मला सांगा, जोडायचं काय? आजारपणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट असतं, पण शांत जागी माझं काम जास्त चांगलं होतं याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं? हेल्पडेस्कला तिकीट टाकलं, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवली. उत्तर आलं, 'कृपया योग्य ते डॉक्युमेंट जोडावे' आणि तिकीट बंद. योग्य म्हणजे कोणतं हे विचारायला पुन्हा तिकीट, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा बंद. सरांनी मंजुरीचा मेल दिला होता तो पीडीएफ करून जोडला, तर 'हे अप्रूव्हल आहे, सपोर्टिंग डॉक्युमेंट नाही' असा शेरा मारून अर्ज परत. मधल्या काळात स्टेटसला नुसतं 'पेंडिंग', कुणाकडे पेंडिंग आहे ते दिसतच नाही, त्यामुळे फोन तरी कुणाला करायचा हा प्रश्न.

शेवटी एचआरमध्ये प्रत्यक्ष गेले. तिथल्या मॅडम स्वभावाने चांगल्या, बसवून घेतलं, सगळं ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, घरात कुणाचं आजारपण वगैरे लिहा ना, एका दिवसात होऊन जाईल."

हे ऐकून मी खरंच चिडले. खोटं लिहायचं नाही हे तर आहेच, पण त्याहून मोठा मुद्दा असा की घरून काम म्हणजे अडचणीत सापडलेल्या माणसावर केलेली मेहेरबानी, हा समजच त्या फॉर्ममध्ये पक्का बसवलेला आहे. कंपनीचा यात फायदा असू शकतो ही शक्यता त्या चार पर्यायांत कुठेच नाही.

मग मी ठरवलं की डॉक्युमेंट हवंय ना, तर देते डॉक्युमेंट. दोन पानांची नोट लिहिली आणि तीत माझ्या सोयीबद्दल एक अक्षर नव्हतं. पहिल्या पानावर माझ्या कामांची यादी: कोणतं काम एकटीने आणि सलग बसून होतं, कोणत्या कामाला माणसं समोर लागतात, कागद प्रत्यक्ष हाताळावे लागतात ते कोणतं. त्यावरून दिवस ठरवले, महिनाअखेरीला मात्र ऑफिसातच. आणि काम नीट चाललंय हे कशावरून बघायचं तेही मीच लिहून दिलं, किती बिलं तपासली आणि त्यातली किती चुकीमुळे परत आली.

दुसऱ्या पानावर कंपनीचा फायदा. यासाठी मी बरंच वाचलं आणि वाचताना जाणवलं की हे प्रकरण आजचं नाहीच. जॅक नाइल्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७३ मध्येच टेलिकम्युटिंग, म्हणजे ऑफिसला न जाता दुरूनच काम करणं, हा शब्द काढला होता, आणि त्याच्यासमोर प्रश्न ट्रॅफिकचा होता, माणसं हलवण्याऐवजी काम हलवता येईल का असा. माझ्या नोटमध्ये सगळ्यात उपयोगी पडला तो सीट्रिप या चिनी ट्रॅव्हल कंपनीतला प्रयोग. त्यांनी कॉल सेंटरमधल्या इच्छुक लोकांचे वाढदिवसाच्या तारखेवरून गट पाडले, सम तारखेवाले आठवड्यातले चार दिवस घरी, विषम तारखेवाले ऑफिसात, असं ९ महिने. घरच्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्या १३ मधला मोठा हिस्सा लोक ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी घ्यायला लागले म्हणून आला, बाकीचा घरी शांतता होती म्हणून. शांतता! मी इतके दिवस पोर्टलवर हेच तर सांगत होते.

त्याच कंपनीने पुढे आठवड्यात दोन दिवस घरून काम देऊन पाहिलं, १६१२ कर्मचारी त्यात होते, आणि २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: राजीनामे एक तृतीयांशाने कमी, बढत्यांवर आणि कामाच्या मूल्यमापनावर काही वाईट परिणाम नाही. राजीनामे विशेषतः बायकांचे आणि लांबून येणाऱ्यांचे कमी झाले. एक माणूस सोडून गेला की नवीन शोधा, शिकवा, तोवर बाकीच्यांवर भार, याचा खर्च एचआरपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. म्हणून हा मुद्दा मी ठळक केला. तुम्हीही करा.

सरांच्या सांगण्यावरून शेवटी एक परिच्छेद ऑफिसबाहेरच्या लोकांना होणाऱ्या फायद्याबद्दल घातला, आणि खरं सांगायचं तर तोच मला सगळ्यात जवळचा वाटतो. २७ देशांच्या एका अभ्यासात घरून काम केल्याने दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात असं निघालं, आणि त्यातला साधारण ४० टक्के वेळ लोक परत कामातच घालतात. म्हणजे कंपनीला त्यातलं भरपूर परत मिळतं. उरलेला वेळ आईवडिलांना, मुलांना, आपल्या वस्तीला मिळतो, दिवसा बिल्डिंगमध्ये कुणीतरी जागतं माणूस असतं, रस्त्यावर आणि गाड्यांमध्ये ज्यांना जावंच लागतं, नर्स, ड्रायव्हर, सफाई कामगार, त्यांना जागा मिळते. ज्याला चालता येत नाही किंवा जो मोठ्या शहरात घर घेऊ शकत नाही त्यालाही नोकरीचं दार उघडतं. प्रदूषणाचं मात्र जपून लिहा. २०२३ च्या एका अमेरिकन अभ्यासात पूर्णवेळ घरून काम करणाऱ्याचा कार्बनचा भार ५४ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो असं आलं, पण आठवड्यात एकच दिवस घरी राहिलं तर फक्त २ टक्के. एका दिवसाच्या अर्जात पृथ्वी वाचवायची भाषा केलीत तर तुमची बाकीची नोटही कुणी गंभीरपणे घेणार नाही.

तोटेही लिहा, नक्की लिहा. सीट्रिपमध्ये प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा घरच्या गटातले निम्मे लोक ऑफिसात परतले, मुख्य कारण एकटेपणा. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात सगळे घरून काम करायला लागल्यावर वेगवेगळ्या टीममधला संपर्क आटल्याचं दिसलं. म्हणूनच मी सगळे दिवस मागितले नाहीत, आणि नवीन मुलांना शिकवायचे दिवस ऑफिसातच ठेवले. समोरच्याच्या मनात असलेली शंका आपणच आधी मांडली की त्याला बोलायला फार काही उरत नाही.

ही नोट सरांच्या सहीनिशी 'सपोर्टिंग डॉक्युमेंट' म्हणून जोडली. मॅडमनी ती वरच्या साहेबांकडे पाठवली, आणि जे प्रकरण महिनोन्‌महिने हलत नव्हतं ते तीन महिन्यांच्या ट्रायलवर मंजूर होऊन आलं. मेल वाचून किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. आजारपण न लिहिता झालं याचा अभिमान जास्त आहे.

आता राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. खर्चाचं आधी लेखी घ्या, इंटरनेट कुणाचं, खुर्ची कुणाची, लॅपटॉप बिघडला तर कोण बघणार. युरोपात २००२ मध्ये मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी टेलिवर्कवर, म्हणजे ऑफिसबाहेरून करायच्या कामावर, जो करार केला त्यात साधनं पुरवणं आणि दुरुस्त ठेवणं ही सर्वसाधारणपणे मालकाची जबाबदारी धरली आहे, आणि हा प्रकार दोन्ही बाजूंच्या मर्जीचा असावा असंही आहे, म्हणजे कुणावर लादायचा नाही. हे मी बोलताना वापरलं आणि खुर्ची मिळाली. कामाची वेळ किती ते अर्जातच टाका, नाहीतर घरी आहे म्हणजे रात्रीही मोकळीच आहे असं धरलं जातं. तिकीट बंद झालं की नवीन टाकू नका, जुनंच पुन्हा उघडा म्हणजे आधीचा सगळा पत्रव्यवहार एका जागी राहतो, मला हे फार उशिरा कुणीतरी सांगितलं. आणि हो, फॉर्म भरायच्या आधीच सरांना सीसीत ठेवून एचआरला एक मेल टाकून ठेवा, तारीख पुराव्याला राहते.

ट्रायल संपत आल्यावर बिलांचे आकडे घेऊन मी स्वतःच गेले, बोलावण्याची वाट बघितली नाही. परत येणारी बिलं कमी झाली होती, साहेबांनी कागदावर बोट ठेवून दोनदा विचारलं की हे तुमचेच आकडे का, मी सिस्टिममधून तिथेच काढून दाखवले. वर्षभराची मंजुरी मिळाली. दरवर्षी तोच फॉर्म नव्याने भरावा लागतो आणि ड्रॉपडाउन अजून बदललेला नाही, तो बदलावा म्हणून मी एचआरला लेखी दिलंय, 'कामाची गरज' असा पाचवा पर्याय घाला म्हणून. मॅडम म्हणाल्या, पुढच्या मीटिंगला ठेवते. तोवर ज्यांना 'इतर'च निवडावं लागतंय त्यांनी आपली नोट आणि सही केलेली प्रत दोन्ही जपून ठेवा, पुढच्या वर्षी फक्त आकडे बदलायचे.